कागदावरची जमीन: न्यूयॉर्कचा वकील-महापौर जेम्स ड्वेन

फेब्रुवारी १७७२. आजच्या व्हरमाँट राज्यातल्या डोंगरपट्ट्यात एक जाहीरनामा हातोहात फिरू लागला. जेम्स ड्वेनला पकडून बेनिंग्टन गावातल्या फे यांच्या खानावळीत आणून देणाऱ्याला पंधरा पौंड, आणि जॉन केम्पला आणणाऱ्याला दहा पौंड. आरोप काय, तर या दोघांनी धाकदपटशा करून प्रामाणिक शेतकऱ्यांची शांतता भंग केली. खाली तीन नावं होती: ईथन ॲलन, रिमेंबर बेकर, रॉबर्ट कॉक्रन.

केम्प हा न्यूयॉर्क वसाहतीचा ॲटर्नी जनरल, म्हणजे सर्वांत मोठा सरकारी वकील. ड्वेन हा न्यूयॉर्क शहरातला नावाजलेला वकील. आणि जाहीरनामा काढणारे तिघे सरकारच्या दृष्टीने फरारी. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरने त्यांच्यावर आधीच इनाम लावलेलं. म्हणजे गुन्हेगार ठरवलेल्या माणसांनीच वकिलांवर उलट इनाम लावलं होतं. हा प्रकार समजून घ्यायचा तर अठराव्या शतकात अमेरिकेत जमीन मालकीची होते म्हणजे नेमकं काय होतं, हे आधी पाहायला हवं. त्यासाठी ड्वेनच्या आयुष्याइतकं चांगलं उदाहरण मला दुसरं दिसत नाही. कारण जमिनीचे कागद करणं, कोर्टात ते लढवणं, त्यावर वस्ती उभी करणं आणि पुढे न्यायाच्या खुर्चीत बसणं, या सगळ्या जागी हा एकच माणूस भेटतो.

ड्वेनचा जन्म ६ फेब्रुवारी १७३३ चा, न्यूयॉर्क शहरातला. वडील अँथनी ड्वेन आयर्लंडहून आलेले, ब्रिटिश नौदलातली नोकरी सोडून व्यापारात शिरलेले आणि त्यात पैसा कमावलेले. हा पैसा त्यांनी थोडा जमिनीत घातला. मोहॉक नदीच्या दक्षिणेला, स्कनेक्टडी गावापासून जवळ, त्यांनी जंगलपट्टा विकत घेऊन ठेवला. मुलगा चौदा वर्षांचा असताना ते वारले आणि मुलगा लिव्हिंग्स्टन घराण्याच्या देखरेखीखाली वाढला. हडसन नदीकाठी ज्यांची जहागीर होती ते हे लिव्हिंग्स्टन. तेव्हा अमेरिकेत कायद्याचं कॉलेज नव्हतं. जेम्स अलेक्झांडर या बड्या वकिलाच्या कचेरीत उमेदवारी करून तो कायदा शिकला आणि १७५४ मध्ये वकिली करू लागला. १७५९ मध्ये त्याने लिव्हिंग्स्टनांच्याच मुलीशी लग्न केलं. एकविसाव्या वर्षी सनद, सव्विसाव्या वर्षी जहागीरदाराचा जावई. न्यूयॉर्कमध्ये वर जायला याहून सरळ वाट नव्हती.

आता जमिनीचं गणित. वसाहतीतली सगळी जमीन शेवटी राजाची, असं इंग्रजी कायदा मानत होता. मूळ रहिवाशांकडून ती सरकारच्या परवानगीने विकत घ्यायची, मोजणी करायची, मग गव्हर्नरकडून राजाच्या नावाने सनद मिळवायची. तिकडे तिला पेटंट म्हणत. सनद मिळाली की दरवर्षी राजाला एक ठरावीक रक्कम भरायची. न्यूयॉर्कमध्ये ती शंभर एकरांना अडीच शिलिंग होती. शिवाय सनद देताना गव्हर्नर, सचिव, मोजणीखातं, सगळ्यांना एकरांच्या हिशेबाने फी मिळे. म्हणजे जितक्या जास्त सनदा, तितकी साहेबांची कमाई जास्त. पुढच्या बऱ्याच भानगडींचं मूळ या फीमध्ये आहे.

एका माणसाला हजार एकरांपेक्षा जास्त जमीन द्यायची नाही, असाही नियम होता. तो कसा वाकवला जायचा हे एका उदाहरणात पाहू. मे १७६५ मध्ये प्रिन्सटाउन नावाची सनद निघाली. जमीन सव्वीस हजार एकर, अर्जदार सव्वीस. हिशेब चोख. पण ही सव्वीस नावं नावापुरतीच होती. त्यांनी आपापले हिस्से तिघांच्या नावे करून दिले, आणि ते तिघे म्हणजे ॲटर्नी जनरल केम्प, वकील ड्वेन आणि वॉल्टर रदरफर्ड नावाचा व्यापारी. सरकारी वकील स्वतःच भागीदार असल्यावर आक्षेप घेणार कोण? आपल्याकडे नातेवाइकांच्या नावांवर सातबारे चढवून कमाल जमीन धारणेचा कायदा गुंडाळला जायचा, त्याच जातीचा हा उद्योग.

खरी अडचण मात्र पुढे होती. ही जमीन ज्या बॅटनकिल नदीच्या खोऱ्यात होती तिथे आधीच दुसऱ्याने सनदा वाटल्या होत्या.

हा दुसरा माणूस न्यू हॅम्पशर वसाहतीचा गव्हर्नर बेनिंग वेंटवर्थ. कनेटिकट नदीच्या पश्चिमेचा मुलूख आपल्याच हद्दीत येतो, असं त्याने परस्पर धरून टाकलं. १७४९ ते १७६४ या काळात त्याने तिथे सव्वाशेहून जास्त गावांच्या सनदा दिल्या. प्रत्येक गाव सहा मैल लांब, सहा मैल रुंद, आणि त्यातले पाचशे एकर गव्हर्नरसाहेबांना राखीव. पहिल्या गावाला त्याने स्वतःचंच नाव दिलं, बेनिंग्टन. या सनदांच्या अटी हलक्या होत्या. पहिली दहा वर्षं राजाला वर्षाला मक्याचं एक कणीस द्यायचं, तेही मागितलं तर, २५ डिसेंबरला. त्यानंतर शंभर एकरांना एक शिलिंग. कनेटिकट आणि मॅसेच्युसेट्समध्ये वाटण्या होऊन होऊन शेतं अपुरी पडू लागली होती. तिथली कुटुंबं या स्वस्त कागदावर विश्वास ठेवून डोंगर चढली, झाडं तोडली, लाकडाची घरं बांधली.

न्यूयॉर्कचं म्हणणं असं की १६६४ मध्ये राजा दुसऱ्या चार्ल्सने आपल्या भावाला दिलेल्या मूळ सनदेनुसार आपली हद्द थेट कनेटिकट नदीपर्यंत जाते. लंडनने जुलै १७६४ मध्ये निकाल दिला: हद्द नदीच्या पश्चिम काठावर, म्हणजे मुलूख न्यूयॉर्कचा. पण ही हद्द पहिल्यापासून तशीच होती की आता ठरली, हे त्या आदेशातून नीट कळत नव्हतं, आणि सगळा वाद तिथेच अडकला. हद्द पहिल्यापासूनच न्यूयॉर्कची असेल तर वेंटवर्थच्या सगळ्या सनदा रद्दी. आता ठरली असेल तर आधीच्या सनदा शाबूत. न्यूयॉर्कने अर्थातच पहिला अर्थ धरला आणि त्याच जमिनीच्या नव्या सनदा वाटायला घेतल्या. ज्यांनी घरं बांधली होती त्यांना सांगण्यात आलं की न्यूयॉर्ककडे अर्ज करा, फी भरा, राहा. त्याच शेताचे पैसे दुसऱ्यांदा! १७६७ मध्ये राजाने या भागात नव्या सनदा देऊ नका असा हुकूम पाठवला. न्यूयॉर्कच्या गव्हर्नरांनी तोही पाळला नाही. १७७१ मध्ये सोशलबरो नावाची अठ्ठेचाळीस हजार एकरांची सनद हुकूम धाब्यावर बसवून निघाली. तिच्यातही ड्वेनचा हात होता.

जून १७७० मध्ये प्रकरण ऑल्बनीच्या कोर्टात पोचलं. न्यूयॉर्कच्या सनदा बाळगणाऱ्यांनी शेतकऱ्यांवर बेदखलीचे दावे लावले होते. पहिला दावा मेजर जॉन स्मॉल विरुद्ध आयझाया कार्पेंटर. वादीतर्फे ड्वेन आणि केम्प. शेतकऱ्यांतर्फे धावपळ करत होता ईथन ॲलन. त्याने न्यू हॅवनहून जॅरेड इंगरसॉल हा नामी वकील आणला. पण न्यू हॅम्पशरची सनद पुरावा म्हणून दाखल करून घ्यायलाच कोर्टाने नकार दिला. पुरावाच नाही म्हटल्यावर खटला संपला. न्यायासनावर होता रॉबर्ट लिव्हिंग्स्टन, ड्वेनच्या सासरच्या घराण्याच्या दुसऱ्या शाखेतला, आणि त्या मुलखात त्याचेही जमिनीचे हितसंबंध होते. कायद्याच्या कोरड्या नजरेतून निकालाचं समर्थन करता येतं, कारण मूळ हद्दीबाबत न्यूयॉर्कची बाजू खरोखरच भक्कम होती. पण हरलेल्या माणसाच्या जागी उभं राहून पाहा. वकील जमिनीचा हिस्सेदार, सरकारी वकील हिस्सेदार, न्यायाधीश हिस्सेदार. या निकालाला न्याय म्हणायला त्याचं मन कसं धजावेल?

निकालानंतर ड्वेन आणि केम्प ॲलनला भेटले. लोकांना समजाव, मिळतं-जुळतं घ्यायला लाव, असं त्यांचं म्हणणं. त्यावर ॲलनने दिलेलं उत्तर व्हरमाँटमध्ये आजही शाळकरी मुलांना ठाऊक असतं: खोऱ्यातले देव वेगळे, डोंगरातले देव वेगळे. दोन्ही वकिलांना ते कोड्यासारखं वाटलं. त्याचा अर्थ वर्षभरात उलगडला. जुलै १७७१ मध्ये ऑल्बनीचा शेरीफ मोठा जमाव घेऊन जेम्स ब्रेकनरिजच्या शेताचा ताबा घ्यायला आला. समोर बंदुका रोखून बसलेले शेजारीपाजारी पाहून त्याच्याबरोबर आलेल्यांनीच पुढे जायचं नाकारलं. त्याच वर्षी विल्यम कॉकबर्न नावाचा मोजणीदार ड्वेनच्या जमिनीची मोजणी करायला गेला होता. त्याने ड्वेनला पत्राने कळवलं की लोक साखळी टाकू देत नाहीत आणि ॲलनची माणसं तोंडं काळी करून रानात फिरताहेत. काम अर्धवट टाकून तो परतला. ज्या जमिनीची मोजणी करता येत नाही ती विकता येत नाही आणि खंडानेही देता येत नाही. कोर्टातला विजय तिथे निरुपयोगी होता. ॲलनची ही टोळी ग्रीन माउंटन बॉईज या नावाने ओळखली जाऊ लागली, आणि सुरुवातीचा तो जाहीरनामा याच दिवसांतला.

याच सुमारास, याच माणसाच्या दुसऱ्या जमिनीवर अगदी वेगळं चित्र होतं. वडिलांनी घेतलेल्या पट्ट्यातला इतर भावंडांचा वाटा ड्वेनने विकत घेतला, आजूबाजूची जमीन जोडली, आणि पुढे ती मालमत्ता छत्तीस हजार एकरांच्या घरात गेली. १७६५ मध्ये तिला ड्वेन्सबर्ग म्हणून टाउनशिपचा दर्जा मिळाला. इथे त्याने आधी माणसं शोधली. पेनसिल्व्हेनियातल्या जर्मन कुटुंबांशी करार केला. त्यांतली सोळाएक कुटुंबं आली आणि पहिली कायमची वस्ती बसली. न्यूयॉर्कच्या मोठ्या मालमत्तांवर तेव्हा जमीन सहसा विकत नसत, कुळांना खंडाने देत. जंगल तोडायला वेळ लागतो म्हणून पहिली काही वर्षं खंड माफ असायचा. शेत उभं राहिलं की दरवर्षी शंभर एकरांमागे ठरावीक खंड सुरू व्हायचा. मालकाने रस्ता काढायचा, गिरणी घालायची, देऊळ म्हणजे चर्च बांधायचं. कारण गिरणी आणि रस्ता नसलेल्या जागी कूळ टिकत नाही. आज बिल्डर म्हणतो तसं 'डेव्हलपमेंट' तेव्हाही होतंच, फक्त भांडवल परत यायला एक पिढी लागायची.

ड्वेन्सबर्गमध्ये सनद आणि वस्ती एकाच बाजूला होत्या. व्हरमाँटमध्ये सनद एकीकडे आणि नांगर दुसरीकडे. दोन्ही ठिकाणी कागद लिहिणारा हात एकच होता, कायदाही एकच. मला या माणसाच्या चरित्रात सर्वांत बोलकी वाटते ती हीच जोडी. त्याला खलनायक ठरवणं सोपं आहे, पण ते बरोबर नाही. ड्वेनचा कागदावर मनापासून विश्वास होता; कागद मोडला तर कुणाचीच मालमत्ता सुरक्षित नाही, असं तो मानत होता. फक्त कागद बनवणारे किती स्वार्थी होते, हे त्याला स्वतः त्यांच्यात असल्यामुळे दिसलं नाही.

ब्रिटनविरुद्धच्या क्रांतीच्या काळातला ड्वेन मी थोडक्यात सांगतो. १७७४ च्या पहिल्या काँटिनेंटल काँग्रेसमध्ये, म्हणजे वसाहतींच्या प्रतिनिधींच्या सभेत, तो न्यूयॉर्कचा प्रतिनिधी. तिथे जाताना जॉन ॲडम्स वाटेत त्याला भेटला आणि रोजनिशीत लिहून गेला की याची नजर धूर्त, सगळं न्याहाळणारी आहे, थोडी तिरळी, आणि माणूस मोठा समजूतदार आणि डावपेची आहे. ब्रिटनशी समेट व्हावा म्हणून जोसेफ गॅलोवेने मांडलेल्या योजनेला ड्वेनने अनुमोदन दिलं. स्वातंत्र्याच्या कल्पनेकडे तो सावकाश, पाय ओढत आला. पण आल्यावर परत फिरला नाही. १७७८ मध्ये राज्यांच्या पहिल्या संघकरारावर त्याची सही आहे. सप्टेंबर १७८० मध्ये तरुण अलेक्झांडर हॅमिल्टनने हा संघकरार कसा दुबळा आहे, नवी घटना का हवी, हे सांगणारं प्रदीर्घ पत्र ज्याला लिहिलं तो ड्वेनच. पुढे हॅमिल्टनने वकिलीचा अभ्यास केला तोही ड्वेनच्या ग्रंथसंग्रहात बसून.

सात वर्षं न्यूयॉर्क शहर ब्रिटिश फौजांच्या ताब्यात होतं. २५ नोव्हेंबर १७८३ ला त्या गेल्या. मागे राहिलं १७७६ च्या आगीत जळालेलं शहर, रिकामी तिजोरी, आणि एकमेकांवर डूख धरून बसलेले रहिवासी. महापौर तेव्हा निवडून येत नसे, राज्य सरकार नेमत असे. फेब्रुवारी १७८४ मध्ये गव्हर्नर जॉर्ज क्लिंटनने ड्वेनला नेमलं. पदग्रहणाची नेहमीची मेजवानी रद्द करून त्याने वीस गिनी गरिबांसाठी दिल्या. पुढची साडेपाच वर्षं तो त्या पदावर होता. याच काळात न्यूयॉर्क देशाची राजधानी बनलं आणि १७८९ मध्ये वॉशिंग्टनचा शपथविधी तिथे झाला.

महापौर म्हणजे तेव्हा न्यायाधीशही. महापौर, रेकॉर्डर म्हणजे शहराचा कायदा-अधिकारी, आणि आल्डरमन म्हणजे नगरसेवक मिळून दिवाणी कोर्ट चालवत. ऑगस्ट १७८४ मध्ये या कोर्टाने दिलेला एक निकाल अमेरिकेच्या कायद्याच्या इतिहासात आजही शिकवला जातो.

एलिझाबेथ रटगर्स ही विधवा बाई. मेडन लेनवर तिच्या कुटुंबाची ब्रुअरी, म्हणजे बिअरचा कारखाना. १७७६ मध्ये ब्रिटिश येताना ती शहर सोडून पळाली. ब्रुअरी ओस पडली. १७७८ पासून ब्रिटिशांच्या परवानगीने ती जोशुआ वॉडिंग्टन चालवू लागला. पहिली दोन वर्षं परवाना लष्करी पुरवठा खात्याकडून होता आणि भाडं शून्य. १७८० पासून परवाना थेट सरसेनापतीचा, आणि वर्षाला दीडशे पौंड भाडं शहरातल्या गरिबांच्या निधीत जायचं. युद्ध संपलं. न्यूयॉर्कच्या विधिमंडळाने १७८३ मध्ये कायदा केला की ज्यांची मालमत्ता शत्रूच्या काळात इतरांनी वापरली त्यांनी नुकसानभरपाईचा दावा करावा, आणि 'मला लष्कराचा हुकूम होता' हा बचाव चालणार नाही. रटगर्सबाईंनी आठ हजार पौंड मागितले. त्यांच्या बाजूने भावना होती, कायद्याचे शब्द होते, आणि राज्याचा ॲटर्नी जनरल एग्बर्ट बेन्सन होता. वॉडिंग्टनच्या बाजूने हॅमिल्टन. त्याचा मुद्दा: युद्धात शहर ताब्यात असलेल्या सैन्याला तिथली मालमत्ता वापरण्याचा अधिकार सर्व राष्ट्रांच्या रिवाजाने मान्य आहे, ब्रिटनशी झालेल्या तहात तो गृहीत आहे, आणि एक राज्य त्याविरुद्ध जाऊ शकत नाही.

ड्वेनने निकाल मधोमध कापला. पहिल्या दोन वर्षांचा परवाना सरसेनापतीचा नव्हता, तेव्हा त्या काळाचं भाडं वॉडिंग्टनने द्यावं. १७८० नंतरच्या काळासाठी तो जबाबदार नाही. पण कायदा तर सरसकट होता, मग हे कसं? ड्वेनचं उत्तर असं की विधिमंडळ सर्वोच्च आहे, त्याचा कायदा कोर्ट रद्द करणार नाही. मात्र कायद्याच्या मोघम शब्दांतून अवाजवी परिणाम निघत असेल, तर विधिमंडळाला तो अभिप्रेत नव्हता असं मानून कोर्टाने वाजवी अर्थ लावावा. पुढे न्यायालयं कायदे घटनेच्या कसोटीवर तपासू लागली, त्या वाटेवरचं हे सुरुवातीचं पाऊल मानलं जातं. ज्युरीने रटगर्सबाईंना आठशे पौंडांपेक्षा थोडी कमी रक्कम दिली. विधिमंडळ भडकलं, निषेधाचा ठराव झाला. ड्वेन खुर्चीवर राहिला.

ड्वेन्सबर्गच्या मालकाकडून, ज्याची स्वतःची घरं ब्रिटिशांच्या काळात उद्ध्वस्त झाली होती त्याच्याकडून, असा निकाल येणं मला मोठं वाटतं. सूड घ्यायची सोय कायद्यानेच करून दिली होती. त्याने ती घेतली नाही.

पण त्याच वर्षीचा दुसरा कागद झाकून ठेवणं अप्रामाणिकपणा होईल. १७८४ मध्ये मूळ रहिवाशांच्या इरोक्वॉई राष्ट्रांशी बोलणी कशी करावीत, याचा सल्ला ड्वेनने गव्हर्नर क्लिंटनला लिहून दिला. त्यांना स्वतंत्र राष्ट्रं मानू नये, बरोबरीच्या नात्याची भाषा आणि वॉम्पमच्या, म्हणजे करार पक्का करताना द्यायच्या शिंपल्यांच्या मण्यांच्या, पट्ट्यांची देवाणघेवाण बंद करावी, त्यांना आश्रित म्हणून वागवावं, असा त्याचा आशय. बरोबरीचं राष्ट्र म्हटलं की त्यांच्या जमिनीचा हक्क मान्य करावा लागतो, हे जमिनीच्या वकिलाला नेमकं ठाऊक होतं. पुढच्या काही वर्षांत ओनायडा, ऑनोंडागा, कायुगा या इरोक्वॉई राष्ट्रांच्या लाखो एकर जमिनी न्यूयॉर्कने काढून घेतल्या.

१७८८ मध्ये पकीप्सीच्या अधिवेशनात नव्या राज्यघटनेला न्यूयॉर्कने ३० विरुद्ध २७ मतांनी मान्यता दिली, त्यात ड्वेन होता. सप्टेंबर १७८९ मध्ये वॉशिंग्टनने त्याला न्यूयॉर्कच्या संघीय जिल्हा न्यायालयाचा पहिला न्यायाधीश नेमलं. नोव्हेंबरमध्ये त्याचं कोर्ट भरलं. नव्या घटनेखाली भरलेलं ते पहिलं संघीय न्यायालय. १७९४ मध्ये प्रकृतीमुळे राजीनामा देऊन तो स्कनेक्टडीला गेला. आदल्याच वर्षी ड्वेन्सबर्गमध्ये त्याने बांधवलेलं क्राइस्ट चर्च पूर्ण झालं होतं. १ फेब्रुवारी १७९७ ला तो वारला आणि त्याच चर्चखाली त्याला पुरण्यात आलं.

मॅनहॅटनमधला ड्वेन स्ट्रीट त्याच्याच नावाचा. न्यूयॉर्कला राहिलेल्या मराठी मंडळींनी 'ड्वेन रीड' या औषधदुकानांच्या पाट्या पाहिल्या असतील. १९६० मध्ये पहिलं दुकान ड्वेन आणि रीड या दोन रस्त्यांच्या मध्ये, ब्रॉडवेवर निघालं, म्हणून ते नाव. शहरातली त्याची ग्रॅमर्सी नावाची वाडी पुढे सॅम्युअल रगल्स या दुसऱ्या वकील-विकासकाने वारसांकडून घेतली आणि तिथे ग्रॅमर्सी पार्क उभं केलं.

व्हरमाँटचं काय झालं? १७७७ मध्ये त्या डोंगरवाल्यांनी न्यूयॉर्क आणि ब्रिटन, दोघांपासूनही स्वतंत्र झाल्याचं जाहीर केलं. ड्वेन काँग्रेसमध्ये वर्षानुवर्षं त्यांच्याविरुद्ध लढला. शेवटी १७९० मध्ये न्यूयॉर्कने तीस हजार डॉलर घेऊन हक्क सोडला आणि ४ मार्च १७९१ ला व्हरमाँट चौदावं राज्य झालं. ही रक्कम जुन्या सनदधारकांत वाटण्यात आली. १७९९ च्या यादीत ड्वेनच्या वाट्याला आले सुमारे २,६०० डॉलर. तिथे त्याच्या नावावर कागदोपत्री साठ हजार एकरांहून जास्त जमीन होती. म्हणजे एकरी जेमतेम चार सेंट.

न्यूयॉर्कमध्ये मात्र मोठ्या मालमत्तांवरची कुळं आणखी अर्धशतक खंड भरत राहिली. कुठे करारात नाव घातलेल्या दोन-तीन माणसांच्या हयातीपुरते करार, कुठे कायमचे. १८३९ पासून हडसन खोऱ्यात कुळांनी खंडबंदीची चळवळ उभारली, आणि १८४६ च्या नव्या राज्यघटनेत कलम आलं: खंड राखून शेतजमिनीचा बारा वर्षांहून जास्त मुदतीचा करार यापुढे कायदेशीर नाही.